एकाच नावाच्या दोन ओळी

सिमेत्रीतलं गवत कापायला घेतलं की मला कळतं, तो महिना आला. पावसात गवत कमरेएवढं वाढतं, थडग्यांवरचे लहान क्रूस त्यात बुडून जातात. मग ऑक्टोबर सरता सरता आळीतली माणसं विळे घेऊन जातात आणि कापलेल्या गवताचा वास देवळामागून आमच्या वाडीपर्यंत येतो. त्यात ओल्या चुन्याचा वास असतो, कारण थडग्यांच्या कडा लोक नव्याने रंगवतात. भात घरात आलेलं असतं. ऊन मऊ झालेलं असतं. अंगणात सोललेली राजेळी केळी सुकेळी व्हायला वाळत पडलेली असतात, त्यांच्यावर माशा बसू नयेत म्हणून माझं एक जुनं पातळ पसरलेलं असतं. मी ओट्यावर बसून केळी राखते.

नोव्हेंबर हा आमच्याकडे गेलेल्यांचा महिना. एकेका आळीची एकेक संध्याकाळ ठरलेली असते. त्या दिवशी देवळात मिस्सेच्या प्रार्थनेत त्या आळीतल्या सगळ्या मृतांची नावं मोठ्याने वाचतात. महिनाभर आधी देवळात एक पेटी ठेवतात आणि प्रत्येक घर आपल्या माणसांच्या नावांची चिठ्ठी त्यात टाकतं. माझ्या चिठ्ठीवर सासरे, सासू, आमचे हे, माझी धाकटी बहीण, अशी नावं असतात. आणि सासऱ्यांच्या नावाखाली तेच नाव पुन्हा एकदा. पास्कू. पास्कू.

आमच्यात पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं, मोठ्या मिशा आणि गळ्यापर्यंत बटण लावलेला सदरा. माझा मुलगा झाला तेव्हा त्याला त्यांचं नाव मिळालं. पण सासू नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे, म्हणून ती नातवालाही बाबाच म्हणायची. तिच्यासमोर सासऱ्यांचं नाव घ्यायचं म्हणजे मलाही संकोच. त्याचे वडील त्याला सोन्या म्हणायचे. त्यामुळे माझ्या बाळाला त्याच्या खऱ्या नावाने घरात कोणी हाक मारलीच नाही. मी मारायचे, वाडीत कोणी नसताना, पाटाच्या कडेला. विहिरीवरचा पंप सुरू झाला की पाणी पाटातून धावत यायचं. मी त्याला मांडीवर घेऊन त्याचे पाय त्या पाण्यात बुडवायचे आणि हळूच म्हणायचे, पास्कू. तो हसायचा. नावाला हसायचा की पाण्याला, कोण जाणे. त्याला अजून दात आले नव्हते.

तो एका तापात गेला. घरात कोणी पुढे त्याच्याबद्दल बोललं नाही. त्या वेळी बोलत नसत, लहान मूल गेलं की देवाचा दूत झाला म्हणायचे आणि कामाला लागायचे. दुसरं मूल मला झालं नाही. ज्यांना त्याची माहिती होती ती माणसं एकेक करून स्वतःच चिठ्ठ्यांवर गेली.

म्हणून त्या एका संध्याकाळी मी फार कान देऊन ऐकायचे. वर्षात एकदाच ते नाव जगात मोठ्याने उच्चारलं जायचं. पहिलं पास्कू ऐकू आलं की शेजारी बसलेली सासू छातीवर क्रूस काढायची. ते तिचं. मग दुसरं यायचं. ते माझं. वाचणाऱ्याला वाटायचं चुकून दोनदा लिहिलंय, तो क्षणभर अडखळायचा आणि तरी वाचायचा. त्या अडखळण्यासकट ते माझं होतं. सासू गेल्यावर तिच्या जागी शेजारची सून लिझा बसायला लागली. ती पनवेलकडून लग्न होऊन आलेली, तिला जुनं काही माहीत नाही. दर वर्षी ती माझ्या कानाशी वाकून म्हणायची, "काकी, तुमच्या सासऱ्यांना परत डबल हजेरी." मी हसल्यासारखं करायचे. मला चटकन बोलायला जमत नाही. लहानपणापासून नाही. चौथीत बाईंनी उभं केलं की येत असलेलं उत्तरही घशात राहायचं, आणि पुढे शाळाच सुटली.

जेनी माझ्याकडे राहायला आली ती अशाच दिवसांत. जेनी म्हणजे माझ्या त्या गेलेल्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. ती आणि तिचे बाबा एव्हरशाईन सिटीत राहायचे. त्यांच्या बिल्डिंगचं प्लास्टर फोडायचं काम निघालं होतं, दिवसभर ठोकाठोक, आणि हिचं काम घरूनच, लॅपटॉपवर. "मावशी, तुझ्याकडे शांतता असते ना, ती मला महिनाभर दे," असं म्हणून ती बॅग घेऊन आली. माझ्याकडे शांतता होती. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली होती. शांतता कोणाला तरी हवीशी वाटते याचंच मला नवल वाटलं.

ती ओट्यावर बसायची. मला वाटायचं लॅपटॉपवर चित्रं असतात, रंग असतात. तिच्यासमोर मात्र नुसती काळी खिडकी असायची आणि तिच्यात पांढरी अक्षरं. ती एक ओळ लिहायची, बोट दाबायची, आणि खाली आखलेला तक्ता उभा राहायचा. ओळी आणि खाने, प्रत्येक ओळीला आकडा. आणखी एक ओळ लिहायची, तक्ता लहान व्हायचा, वेगळ्या क्रमाने लागायचा. माऊस नाही, बटणं नाहीत. मी केळी उलटता उलटता बघत राहायचे.

"ह्याला काय म्हणतात?" मी एकदा विचारलं.

"शेल."

"शेल म्हणजे शिंपला ना?"

"हो, तेच. तुला कसं माहीत?"

मला माहीत होतं, कारण देवळात बाप्तिस्म्याच्या वेळी फादर शिंपल्यातून पाणी ओततात आणि एका फादरनी त्याला शेल म्हटल्याचं मी ऐकलं होतं. त्या शिंपल्यातून माझ्या बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं होतं आणि तो दचकला होता. हे मी जेनीला सांगितलं नाही. "ऐकलं होतं कुठेतरी," म्हणाले.

दुपारी पाचूबंदरची मोनाबाय म्हावरं घेऊन आली की पाटी ओट्यावर टेकवून वाकून बघायची.

"काला पडदा लावून काय बघते ही? लाईट गेली काय?"

"कामाचं आहे, मोनाबाय," जेनी म्हणायची.

"मना वाटला पिच्चर बंद परला. बोंबील घे कातरीनबाय, ताजे हायेत, अजून पानी नाय सुटला. पोरीला खायाला घाल, नायतर ती पन अशीच काली परेल."

मोनाबाय गेल्यावर जेनी कितीतरी वेळ हसत होती. घरात कोणीतरी मोठ्याने हसल्यावर भांड्यांनाही ऐकू जातं असं मला वाटलं.

फादरनी तिला गाठलं ते एका रविवारी, देवळाच्या पायऱ्यांवर. "तू कॉम्प्युटरवाली ना? आमच्या चिठ्ठ्यांचं काहीतरी कर बाई. पाच भाऊ असले की पाचही जण बापाचं नाव टाकतात. एकेक माणूस पाच वेळा वाचावा लागतो. वाचणाऱ्याचा घसा बसतो, आणि लोक घड्याळं बघतात." फादर चांगले आहेत, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जेनीने पिशवीभर चिठ्ठ्या घरी आणल्या.

आम्ही दोघींनी त्या लावल्या. मी वाचायचे, ती टाइप करायची. आळी, आडनाव, नाव, एवढेच तीन खाने. मरण्याची तारीख कोणी लिहीत नाही, ती घरच्यांना पाठ असते. माझी चिठ्ठी आली तेव्हा मी ती हातातून तिच्याकडे दिली. "अक्षर लागत नाही," म्हणाले, माझंच अक्षर. चिठ्ठीवर तिच्या आईचं नाव होतं. जेनीने ते टाइप केलं आणि थोडा वेळ बोटं तशीच ठेवली. मग पुढचं घेतलं. त्या गडबडीत दोन पास्कू तिने एकाखाली एक लिहिले असतील. मी बघितलं नाही.

ती मला समजावून सांगायची. मला कळतंय की नाही याची तिला फार फिकीर नव्हती, तिला बोलायला कोणीतरी हवं होतं, आणि मला ऐकायला. "हे ओपन. म्हणजे फाइल उघड. मग ही उभी दांडी. दांडीच्या डावीकडून जे बाहेर येतं ते उजवीकडच्याला मिळतं. मग व्हेअर, म्हणजे फक्त आपली आळी घे. परत दांडी. मग सॉर्ट, म्हणजे क्रमाने लाव."

"म्हणजे पाट," मी म्हणाले.

"काय?"

"पाण्याचा पाट. विहिरीतून येतं, एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात. मध्ये दार धरायचं, इकडे हवं तर इकडे, नको तर माती लावायची."

तिला ते आवडलं. त्यानंतर ती दांडीला पाटच म्हणायची. "मावशी, पाट विसरले बघ," असं स्वतःशीच म्हणायची, आणि खिडकीत लाल अक्षरं यायची. मी घाबरायचे. "अगं, लाल म्हणजे ओरडत नाही तो," ती म्हणायची. "कुठे अडलं ते दाखवतोय."

शेवटी तिने युनिक लिहिलं. माझ्यासमोरच लिहिलं. सारख्या ओळींतली एकच ठेवायची, असं ते सांगतं. तक्ता एकदम आखडला. लांबलचक यादी निम्म्यावर आली आणि जेनीने हात वर करून आळस दिला. "झालं. फादर खूश." मीही मान हलवली. काय गेलं हे मला कळायला आळीची संध्याकाळ यावी लागली.

त्या संध्याकाळी यादी छापलेल्या कागदावर होती, स्वच्छ, मोठ्या अक्षरात. वाचणारा भरभर वाचत होता. आमच्या घराची पाळी आली. पास्कू, तो म्हणाला, आणि पुढचं नाव घेतलं. अडखळला नाही. मी वाट बघत राहिले. सासूचं नाव आलं, ह्यांचं आलं, माझ्या बहिणीचं आलं. मग दुसरं घर सुरू झालं.

लिझा कानाशी म्हणाली, "काकी, ह्या वर्षी बरोबर घेतलं."

ते एकदाच आलेलं नाव कोणाचं, हे मला ठरवायचं होतं. बाकावर बसल्या बसल्या. सासू नव्हती, सासऱ्यांसाठी क्रूस काढणारं दुसरं कोणी नव्हतं. मी क्रूस काढला आणि ते नाव त्यांना दिलं. ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्यांना. दुसऱ्याच्या घरात आलेल्या सुनेला इतकं तर करावंच लागतं. मिस्सेनंतर सगळे सिमेत्रीत मेणबत्त्या लावायला गेले. लहान मुलांची थडगी कोपऱ्यात होती, तिथे आता फरशी घातली आहे. मी फरशीच्या कडेला एक मेणबत्ती लावली. वारा होता. दोनदा लावली.

घरी आल्यावर मी जेनीला आडून विचारलं. "दोनदा आलेलं नाव तू काढून टाकतेस. पण ती खरंच दोन माणसं असली तर?"

ती भाकरी खात होती. "मग काहीतरी वेगळं असेल ना मावशी. वय, तारीख, काहीतरी. एक तरी खाना वेगळा हवा. सगळे खाने सारखे म्हणजे मशीनला तो एकच माणूस."

तिचं बरोबर होतं. मी ताटं घासायला घेतली आणि विचार करत राहिले की त्याचा कोणता खाना वेगळा होता. आळी तीच, आडनाव तेच, नाव तेच. डाव्या कानामागे तीळ होता, त्याला खाना नाही. बावखलात बेडूक ओरडायला लागले की तो रडायचा थांबून ऐकायचा. सुकेळ्याचा तुकडा चाखवला की तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा मागायचा. त्याच्या आजोबांनी यातलं काय केलं असेल? लहानपणी सगळंच केलं असेल कदाचित. हे तेव्हा सांगायला हवं होतं. पण जेनीला इतकं समाधान झालं होतं त्या कामाचं. आणि माझ्या तोंडातून ते निघतच नव्हतं.

नाताळ झाला आणि ती कॅनडाला गेली. नोकरी लागली होती. जाताना जुना लॅपटॉप मला देऊन गेली. "ह्याच्यावर मी दिसेन तुला." काळी खिडकी कशी उघडायची ते दाखवलं आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ लिहून दिली: यादी उघड, पाट, आमची आळी, पाट, आमचं आडनाव. "कंटाळा आला तर कर. काही बिघडत नाही."

कंटाळा म्हणता येणार नाही त्याला. पण दुपारी जेवण झालं की वाडीत पाखरंही गप्प होतात, आणि मी ती ओळ टाइप करायचे. इंग्रजी अक्षरं मला औषधाच्या पाकिटांवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून येतात, त्यामुळे एकेक शोधून काढायचं. कुठेतरी जागा सुटायची, लाल अक्षरं यायची. मी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तक्ता यायचा. आमचं घर. एका खिडकीत मावेल एवढं घर. सासरे, सासू, हे, आणि माझ्या आडनावाखाली माझी बहीण, कारण चिठ्ठी माझी होती. पास्कूची एकच ओळ. त्या ओळीखाली मी बोट ठेवायचे, जिथे दुसरी असायला हवी तिथे. काच गार असायची.

मोनाबायने एकदा मला तसं पकडलं.

"कोनाशी बोलते गो त्याच्यात?"

"कोणाशी नाही."

"मंग बंद कर. बिल येल." पाटी डोक्यावर चढवता चढवता ती थांबली. "पोरीची आठवन येते काय?"

मी हो म्हणाले. खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं.

या वर्षी पावसाळा लांबला. गणपती झाले तरी चिंचोटीच्या धबधब्याकडे जाणाऱ्यांच्या गाड्यांबद्दल लिझाचा नवरा कुरकुरत होता. मग एकदम ऊन पडलं. देवळात पेटी ठेवली गेली आणि मी चिठ्ठी टाकली, नेहमीसारखी, पास्कूखाली पास्कू. मला माहीत होतं ती दुसरी ओळ कुठे जाणार. सिमेत्रीत विळे चालायला लागले, वास आला, आणि लॅपटॉपवर जेनीचा फोन आला. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. तिच्या मागे खिडकीबाहेर पानं नसलेलं झाड होतं.

"फादरनी नव्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवलेत. आज युनिक मारून देते त्यांना."

मी ऐकलं आणि वाटलं, आज नाही म्हटलं तर आणखी एक वर्ष. आणि माझ्यानंतर चिठ्ठी टाकणारं कोणी नाही. यादीत जे राहील तेच राहील.

"जेनी, आमच्या घरची ओळ बघशील?"

"चुकलंय काही?"

"चुकलं नाही. कमी आहे." मग ते निघालं. "पास्कू दोन होते."

"दुसरा कोण?"

"माझा."

तिच्या हातातला कप खाली ठेवल्याचा आवाज आला. तिने माफी मागितली नाही, ते बरं झालं. "मला कोणी सांगितलंच नाही ग," ती म्हणाली. "आईनेपण नाही."

"तू लहान होतीस. आणि कोणी सांगत नाही असं."

मग तिने तिची काळी खिडकी माझ्या पडद्यावर आणली. तिकडे ती लिहीत होती आणि इकडे माझ्यासमोर अक्षरं उमटत होती. "एक खाना वाढवते. काय नाव देऊ त्याला? जन्मतारीख?"

तारखा मला पाठ होत्या. पण त्या दोनच, आणि फार जवळजवळ. त्या उघड्यावर मांडाव्यात असं वाटेना. "कोणाचा, असं लिही," मी म्हणाले.

तिने लिहिलं. कोणाचा. त्याच्या ओळीत तिने माझं नाव टाइप केलं. कातरीन. माझं नाव असं तक्त्यात लिहिलेलं मी शाळेतून नाव काढल्यानंतर पहिल्यांदा बघत होते.

"आणि आजोबांच्या ओळीत? त्यांच्या आईचं नाव?"

"मला माहीत नाही. आता कोणालाच माहीत नसेल."

"राहू दे रिकामा. रिकामा खानापण वेगळाच धरतो तो." तिने युनिक लिहिलं. तक्ता आखडला, आणि दोन्ही ओळी राहिल्या. एकाखाली एक.

"अजून किती असतील असे?" ती हळूच म्हणाली. तिने फादरना कळवलं असावं. रविवारी फादरनी सांगितलं की ज्यांच्या घरी एकाच नावाची दोन माणसं गेली असतील त्यांनी येऊन सांगावं. मी मान खाली घातली. पण मिस्सेनंतर पायऱ्यांवर बऱ्याच बायका थांबल्या होत्या. म्हाताऱ्याच बहुतेक. एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या.

काल आमच्या आळीची संध्याकाळ होती. कागदावर फक्त नावंच छापलेली असतात, तो नवा खाना आतच राहतो. बरंच आहे, माझं नाव मोठ्याने वाचलं असतं तर मला लाज वाटली असती. लिझा शेजारी होती. वाचणारा आमच्या घरापाशी आला.

पास्कू. मी क्रूस काढला.

तो थोडा अडखळला. पास्कू.

लिझा माझ्या कानाशी वाकली. "काकी, ह्या वर्षी परत दोनदा घेतलं."

"दोघं आहेत," मी म्हणाले. "एक आजोबा. एक माझा."